उसात बिबट्या मावतो, शेकरू का मावत नाही?

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुके. पश्चिमेला नाणेघाट, ढाकोबा, आहुपे, भीमाशंकर असा सह्याद्रीचा कडा. तिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पूर्वेला बेल्हे, लोणी, धामणीकडे जाईपर्यंत तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. या पट्ट्यात गेल्या अर्धशतकात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. माणसाचं जगणं त्यामुळे किती बदललं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. इथल्या इतर जिवांचं काय झालं, याबद्दल मात्र बिबट्याच्या बातम्यांपलीकडे फारसं बोललं जात नाही.

शाळेत प्राण्यांच्या शरीररचनेचा धडा तक्त्याने शिकवतात. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, बेडकाचं तीन, पक्ष्याचं नि सस्तनाचं चार. कीटकाला श्वासनलिका, माशाला कल्ले, आपल्याला फुप्फुसं. तक्ता बरोबरच आहे, पण पाठ केला की संपला. तोच तक्ता या दोन तालुक्यांच्या जमिनीवर ठेवून वाचला तर कळतं की बदललेल्या मुलखात कोण टिकला, कोण मागे हटला आणि कोण मेला, याची बरीचशी उत्तरं दात, कातडी, पोट, मूत्रपिंड यांत आहेत. सवयी बदलता येतात, मूत्रपिंड बदलता येत नाही.

बिबट्यापासूनच सुरुवात करावी लागते. प्रौढ बिबट्याच्या तोंडात ३० दात असतात. कुत्र्याला ४२ असतात. बिबट्याच्या दाढांना चघळण्याचं काम नाहीच. वरची नि खालची दाढ कात्रीसारखी एकमेकींवरून घसरते आणि मांसाचे तुकडे पाडते. जबडा फक्त वरखाली हलतो. आतडं आखूड, पोट एकच, कारण मांस पचायला वेळ लागत नाही. नखं आत ओढलेली, म्हणून चालताना आवाज नाही आणि धारही शाबूत. गळ्याजवळचं हाड इतकं लहान की ते खांद्याला घट्ट जोडलेलं नसतं. त्यामुळे खांदा मोकळा फिरतो आणि अंग दाट सऱ्यांमधून सहज निघतं. डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून रात्री त्याला आपल्यापेक्षा फार चांगलं दिसतं. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. मार्जारकुळातल्या घरच्या मांजराची, वाघाची आणि चित्त्याची तपासणी झाली तेव्हा गोड चव ओळखणारं जनुक तिघांतही निकामी झालेलं आढळलं. बिबट्याही त्याच कुळातला. गोडाच्या रानात तो वर्षभर राहतो, पण त्या गोडीशी त्याचा संबंध नाही. त्याला उसाकडून हवा असतो तो फक्त आडोसा.

आडोशाला अन्न कोणतं? जुन्नरच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. आहारात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबात सुमारे ३९ टक्के. म्हणजे या शरीराला हरीणच लागतं असं नाही. झेपेल एवढं कोणतंही मांस चालतं. लपायला उंच पीक, प्यायला कालवा, खायला कुत्रं, शेळी, डुक्कर, घूस. गरज तेवढीच आणि ती भागली.

हे ध्यानात न घेता २००१ नंतर जुन्नर वनविभागातले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, या भागात माणसावर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतराच्या मोहिमेनंतर ही सरासरी १७ वर गेली, आणि जिथे सोडले त्या परिसरातही हल्ले होऊ लागले. अत्रेय आणि सहकाऱ्यांचा हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात आज जे बिबटे आहेत, त्यांच्यामागे या संघर्षाचाच इतिहास आहे. ज्या घरातलं लेकरू गेलं त्याचं दुःख कोणत्याही आकड्याने हलकं होत नाही, पण उपाय शोधायचा तर प्राणी जसा आहे तसा समजून घ्यावा लागतो. ऊसतोडीत बछडी सापडली की ती उचलून नेण्याऐवजी तिथेच ठेवून आईला परत येऊ देण्याची पद्धत आता वनखात्याने रुळवली आहे. सस्तन आईच्या शरीरात दूध आहे आणि पिल्लांना ते लागतंच; ती परतते.

आता शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः याच्यासाठी. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. इथल्या शेकरूच्या उपजातीचं वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३१ मध्ये केलं आणि तिला एलफिन्स्टन यांचं नाव दिलं. शेकरू कृंतक, म्हणजे उंदीर-घुशींच्या गोतातला. पुढचे चार पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडण्याने झिजतात. दाताच्या पुढच्या बाजूलाच कठीण लुकण असतं, मागची बाजू मऊ. त्यामुळे झिजताना आपोआप धार लागते. सुळे नाहीतच, त्या जागी मोकळी फट. बिबट्याने ज्या सुळ्यांवर सगळं उभं केलं, ते शेकरूला मुळात नाहीत. मागच्या पायाचा घोटा मागे वळतो, म्हणून ते बुंध्यावरून डोकं खाली करून उतरू शकतं. अंगाइतकीच किंवा त्याहून लांब शेपटी उडी मारताना तोल सांभाळते, आणि वीसेक फुटांची उडी त्याला अवघड नाही.

ही सगळी रचना झाडाच्या शेंड्यांवर राहण्यासाठी घडलेली आहे, आणि त्यातच त्याची अडचण आहे. शेकरू जमिनीवर क्वचित उतरतं. फळं, बिया, साली, फुलं, पानं हे त्याचं अन्न, आणि ते बारा महिने मिळायला झाडांची विविधता लागते. एका शेकरूला एकाहून अधिक घरटी बांधायला उंच झाडं लागतात, आणि एका झाडाची फांदी दुसऱ्याला भिडलेली असावी लागते. ऊस बारा फूट वाढला तरी त्याला फांदी नाही. दोन जंगलांमध्ये शंभर मीटरची मोकळी जागा पडली तर बिबट्याच्या लेखी ती काहीच नाही. शेकरूला मात्र ती जवळपास भिंत आहे. आहुपेसारख्या गावांच्या देवराया म्हणूनच मोलाच्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला तेव्हा लोकश्रद्धेने राखलेल्या या झाडीचं महत्त्व शास्त्रीय भाषेत नोंदलं गेलं. हिरड्याच्या वेचणीवर जगणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना ते आधीपासून ठाऊक होतं.

पोटाचा विषय गोठ्यातच समजतो. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत. तिथे कठीण हिरडी असते. जिभेने चाऱ्याचा घास ओढायचा, हिरडीवर दाबून तोडायचा आणि फारसा न चावताच गिळायचा. तो जातो कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात. प्रौढ गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो आणि तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवतातला तंतू आंबवतात. तंतू पचवणारा पाचकरस गाईला स्वतःला तयार करता येत नाही. हे काम तिच्या वतीने जिवाणूच करतात. मग रवंथ, पुन्हा चावणं, आणि पुढच्या कप्प्यांतला प्रवास. आतडं अंगाच्या लांबीच्या वीसेक पट. बिबट्याचं जेमतेम चौपट. वाढे आणि कडबा खाऊन दूध देणारी गाय आणि तीच गाय खाणारा बिबट्या एकाच शिवारात राहतात, पण त्यांचं पचन म्हणजे दोन वेगळे कारखाने आहेत.

न चावता गिळण्याची गाईला किंमत मोजावी लागते, आणि नारायणगावच्या पट्ट्यात ती वारंवार मोजली जाते. टोमॅटो उभा करायला शेतात तार ओढतात. हंगाम संपला की तारेचे तुकडे बांधावर, वैरणीत पडतात. मांजर किंवा कुत्रं असा तुकडा तोंडातून काढून टाकील, गाय गिळते. जड वस्तू दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात, तळाशी बसते. जाळीपोट हृदयाच्या अगदी जवळ, मध्ये फक्त पातळ पडदा. पोट आकुंचन पावलं की तार जाळीपोट भेदते, मग तो पडदा, मग हृदयाचं आवरण. गाय चारा सोडते, पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावर चालायला घाबरते. यावर पशुवैद्यकांनी काढलेला उपाय साधा आणि नेमका आहे. गाईला गिळायला लोहचुंबक द्यायचा. तो जाळीपोटात जाऊन बसतो आणि तार धरून ठेवतो. ही युक्ती डुकरावर चालणार नाही, कारण त्याला जाळीपोटच नाही.

कोंबडीला दात नाहीत. तिचं चावणं पोटात होतं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणारा पेटा म्हणजे तिचं दळण्याचं पोट. कापल्यावर आत खडे निघतात ते तिने मुद्दाम गिळलेले असतात. सापाने तर चावणंच सोडून दिलं आहे. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे लवचीक धाग्यांनी जोडलेले असतात आणि जबडा कवटीशी एका सैल हाडाने अडकलेला. तोंडापेक्षा मोठा उंदीर आत जातो तो असा. गिळताना श्वास अडू नये म्हणून श्वासनलिकेचं तोंड पुढे आणता येतं.

सापांकडे वळलो आहोत तर विषाबद्दल बोलायलाच हवं, कारण जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला शरीररचनेतला हा फरक जिवावर बेततो. उसात उंदीर-घुशी वाढल्या, त्यांच्यामागे घोणस आणि नाग आले. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर चालतं. पापण्या पडतात, मग श्वासाचे स्नायू थांबतात आणि माणसाला कृत्रिम श्वासाची गरज लागते. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का, एवढ्या साध्या चाचणीने ते कळतं. भारतात मिळणारं प्रतिविष याच चौघांच्या विषावर तयार केलेलं असतं. घाटातल्या हिरव्या चापड्याचा त्यात समावेश नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाचे मृत्यू थांबवण्यासाठी याच तालुक्यात जे काम उभं केलं, त्याचं मोल गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. नाग आणि मण्यार अंडी घालतात. घोणस आणि फुरसं जिवंत पिल्लं देतात. घोणशीची वीस-पंचवीस पिल्लं एकाच वेळी बांधावर फिरू लागतात ती पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे नेमकी पेरणीच्या दिवसांत.

श्वास हा विषय पाण्याशी जोडलेला, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान झालं आहे असं माझं मत आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवेतल्यापेक्षा फार कमी असतो. माशाच्या कल्ल्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं, म्हणून तेवढ्यातूनही तो भरपूर प्राणवायू काढू शकतो. पण घाटातल्या खळाळत्या ओढ्यात राहणाऱ्या माशांचं सगळं शरीर प्रवाहासाठी घडलेलं असतं. ग्लिप्टोथोरॅक्स नावाच्या छोट्या माशाच्या छातीवर कातडीच्या घड्यांची चिकटणारी जागा असते. तिच्या जोरावर तो दगडाला धरून राहतो. डिंभ्याच्या किंवा माणिकडोहच्या साचलेल्या पाण्यात त्या चिकट छातीचा उपयोग काय? तिथे कटला, रोहू वाढतात. मरळ तर अधिक निगरगट्ट. डोक्यात हवा घेण्याची वेगळी पोकळी असल्याने गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ती वर येऊन श्वास घेते.

खेकडा मधल्या जागेवर उभा आहे. घाटातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्याला कल्ले असतात, शिवाय कल्ल्यांच्या खोलीचं अस्तर रक्ताने भरलेलं असतं आणि ते हवेतून प्राणवायू घेतं. म्हणून पहिल्या पावसात तो बिळातून निघून भातखाचरांत फिरतो. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांब्याचं द्रव्य प्राणवायू वाहतं, त्यामुळे रक्ताला निळसर छटा येते. समुद्री खेकड्याची अळी पाण्यात तरंगत वाढते. घाटात तसं झालं असतं तर अळ्या पुरात वाहून गेल्या असत्या. इथली मादी मोठी, थोडी अंडी घालते, ती पोटाच्या घडीखाली धरते आणि त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात. श्रावणात खेकडे धरणाऱ्याने मादी उलटी करून पोट बघावं. पिल्लं दिसली तर सोडून द्यावी.

बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही, छाती-पोटातला पडदाही नाही. तो घसा खालीवर करून हवा फुप्फुसात ढकलतो आणि उरलेला बराच श्वास ओल्या कातडीतून घेतो. पाणीही तो कातडीतूनच आत घेतो. त्यामुळे शेतातलं कीटकनाशक किंवा तणनाशक त्याच्या अंगात शिरायला तोंडाची वाट लागत नाही. गांडुळाचं तेच, आणि देवगांडुळाचंही. देवगांडूळ गांडूळ नव्हेच. त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. तो बेडकांचा नातलग. पुणे जिल्ह्यातल्याच खंडाळ्याहून १९६० मध्ये टेलर यांनी यातल्या एका नव्या जातीचं वर्णन केलं. सह्याद्रीतल्या इंदिराना प्रजातीतल्या बेडकांचे बेडूकमासे तर पाण्यात राहतच नाहीत. ओघळत्या ओल्या कातळाला चिकटून वाढतात, आणि मागचे पाय त्यांना लवकर फुटतात. रस्ता रुंद करताना तो कातळ फोडला की त्या पिढीला दुसरी जागा नसते.

हृदयाचे कप्पे मी थोडक्यात आवरतो. ते सर्वांना पाठ असतात आणि इथल्या प्रश्नाशी त्यांचा संबंध एवढाच, की चार कप्प्यांचं हृदय नि गरम रक्त असलेल्या जिवाला वारंवार खावं लागतं, सापाला आठवडे उपाशी राहिलं तरी चालतं. कीटकांचं रक्त प्राणवायू वाहतच नाही. हवा बारीक नळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते. यापेक्षा रंजक गोष्ट म्हणजे मधमाशी, विंचू, खेकडा यांची मुख्य मज्जारज्जू पोटाकडून जाते आणि हृदय पाठीकडे असतं. आपलं नेमकं उलट. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉफ्रॉ सेंट-हिलेर यांनी १८२२ मध्ये म्हटलं होतं की आराखडा एकच आहे, फक्त उलथा झाला आहे. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. नव्वदच्या दशकात जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा पाठ आणि पोट ठरवणारी जनुकं दोन्हीकडे तीच असल्याचं आणि त्यांची जागा उलटसुलट असल्याचं दिसलं.

मूत्रपिंडाबद्दल धड्यात दोन ओळी असतात. मासे अमोनिया टाकतात, सस्तन प्राणी युरिया, पक्षी आणि सरडे-पाली युरिक आम्ल. भिंतीवरच्या पालीच्या विष्ठेचं पांढरं टोक म्हणजे तेच. युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते टाकायला पाणी कमी लागतं आणि अंड्यातल्या पिल्लालाही त्याचा त्रास होत नाही. या दोन ओळींतच गिधाडांची शोकांतिका दडलेली आहे.

गिधाडाचं पोट अत्यंत तीव्र आम्लाचं. सडलेलं मांस आणि त्यातले रोगजंतू ते पचवतं. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडं मेलेल्या जनावरांवर जगत. जनावराला ताप, सूज, लंगडणं यासाठी डायक्लोफेनॅक देण्याची पद्धत पडली. गाईच्या शरीराला ते सोसतं. पण असं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक आम्ल बाहेर जात नाही आणि पांढऱ्या खड्यांच्या रूपात यकृतावर, हृदयावर साचतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे कारण सिद्ध झालं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. ज्या पोटाने काळपुळीचे जंतू पचवले, त्याच शरीराची मूत्रपिंडं एका वेदनाशामकापुढे हरली. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला चार-पाच वर्षं घेतं, त्यामुळे घट भरून यायला दशकं लागतात.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली, केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये. माणसांच्या औषधांच्या दुकानात ही औषधं आजही मिळतात आणि गोठ्यापर्यंत पोचू शकतात. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून झालं आहे आणि ते जनावरालाही लागू पडतं. तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या पशुपालकांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी बैल लंगडला किंवा गाईला ताप आला, तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमचं नाव घ्या.